अंतरायाची फाईल

भाकरीचा घास वरणात बुडवून चंदनाक्कांनी तो डोळ्यांजवळ नेला. नेला तो केवळ सवयीनं. साखरेनं त्यांची नजर केव्हाच धूसर करून टाकली होती. मग त्यांनी हात शेजारी बसलेल्या लेकीपुढे धरला.

"बघ."

आर्जवीनं बॅटरीचा झोत घासावर टाकला. वरणाच्या पिवळ्या थराखाली एक बारीक काळी रेघ होती.

"केस आहे, अव्वा."

"बरं."

एवढंच. चंदनाक्कांनी घास ताटात ठेवला, चूळ भरली, हात धुतले आणि डोळे मिटून णमोकार मंत्र म्हटला. दिवसातून एकदाच जेवण, आणि त्यात केस, मुंगी, काहीही निघालं की अंतराय. अंतराय म्हणजे तिथंच थांबायचं. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही, पाणी नाही. नवरा गेल्यावर त्यांनी मुनिमहाराजांसमोर हे व्रत घेतलं, तेव्हा त्या मिरजेच्या शाळेत गणित शिकवत होत्या. आता शाळा सुटली होती, डोळे गेले होते. व्रत राहिलं होतं.

आर्जवी आपल्या मनगटावरच्या पडद्याकडे बघत होती. अव्वाच्या रक्तातल्या साखरेचा आकडा उतरू लागला, उतरता उतरता अडखळला आणि हळूच स्थिरावला. अव्वाच्या पोटावरच्या पट्टीनं आपलं काम केलं होतं.

"सांभाळलं का गं तुझ्या पट्टीनं?"

"सांभाळलं."

"मग जा की आता ऑफिसला. मी काय पळून जाते होय?"

*

मधुमेहावरच्या औषधाची जुनी अडचण वेळेची होती. भाकरीतली साखर रक्तात भराभर उतरते. टोचलेलं इन्सुलिन मात्र रेंगाळत कामाला लागतं. निरोगी शरीराला हे ठाऊक असतं, म्हणून ते जेवण सुरू व्हायची वाट बघत नाही. फोडणीचा वास आला, ताट दिसलं, की मेंदू एका लांब मज्जातंतूवरून पोटाकडे निरोप धाडतो आणि स्वादुपिंड आधीच तयारीला लागतं.

हा निरोप कातडीवरून ऐकण्याची युक्ती सापडली आणि नवी पट्टी आली. भूक जागी होताच ती इन्सुलिन सोडू लागली. जेवणानंतर साखर उसळणं जवळपास थांबलं. लोकांचे डोळे, मूत्रपिंडं, पाय वाचू लागले. अव्वाच्या डोळ्यांना मात्र तिचा उशीर झाला होता.

पण एकदा सोडलेलं इन्सुलिन परत बोलावता येत नाही. ताटावर बसलेला माणूस जेवलाच नाही, तर साखर कोसळते. म्हणून पट्टीत दुसरा कप्पा होता. त्यातला ग्लुकॅगॉन नावाचा उलट्या गुणाचा रस यकृताला त्याची शिल्लक साखर सोडायला लावतो. कुठला रस कधी आणि किती सोडायचा, हे 'संतुलन' ठरवत असे.

संतुलन ही फंक्शनांची लायब्ररी होती. कुणीतरी एकदा नीट लिहून, तपासून ठेवलेली कामं. पट्टी कुठल्याही कंपनीची असो, आत हीच लायब्ररी चाले. तिचं पॅकेज सीलबंद निघे. त्यात फंक्शनांच्या फाईली असत. कुठलं काम कुठल्या नावानं मागायचं हे बाहेरच्यांना सांगणारी फाईल असे. वयावजनाची कोष्टकं, नवख्यांसाठी उदाहरणं, परवान्याचा मजकूरही असे. शिवाय प्रत्येक फंक्शनामागे त्याला आडवेतिडवे प्रश्न विचारणारी एक चाचणीची फाईल असे. आणि सगळ्यांच्या वर सूची. सूचीत नाव असेल ते माणसाच्या पोटापर्यंत पोचे. नसेल ते जणू कुणी लिहिलंच नव्हतं.

आर्जवी चौगुले या पॅकेजची राखणदार होती. तिच्या सहीशिवाय नवी आवृत्ती बाहेर पडत नसे.

त्यातली 'अंतराय' नावाची फाईल तिची स्वतःची. अव्वाला पट्टी लावल्यावर पहिल्याच अंतरायाला अव्वा स्वयंपाकघरात बेशुद्ध पडली होती. दातखीळ बसलेली, आणि तशातही ओठांवर साखर लावू दिली नाही. त्यानंतर आर्जवीनं बसून ही फाईल लिहिली. घास गिळणं मध्येच थांबलं, तर साखर पडायच्या आधीच दुसरा कप्पा उघडायचा. जेवण कशानं थांबतं, किती वेगानं थांबतं, प्रत्येक कारणामागे शरीर कसं वागतं, सगळी कोष्टकं तिनं भरली. फाईल चांगली लठ्ठ झाली. अव्वानं महाराजांना विचारून घेतलं होतं: कातडीतून येतं ते औषध, अन्न नव्हे. आणि लेकीलाही विचारलं होतं, "कुठल्या प्राण्यापासून नाही ना काढत?"

"नाही. यीस्टपासून."

"यीस्टही जीवच की."

"अव्वा!"

"असू दे, असू दे. त्याचीही क्षमा मागते."

*

"हे बघ," म्हणत रेहानानं बोटाच्या टोकावर एक चकती धरली. कपाळावरच्या टिकलीएवढी.

डॉक्टर रेहाना मुजावर लहान मुलांच्या मधुमेहावर काम करायची. आर्जवी आणि ती कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. जुनी पट्टी तळहाताएवढी आणि जड. मुलांच्या पोटावर ती टिकत नसे, म्हणून ती फक्त मोठ्यांना मिळे. टिकली मुलांसाठी होती. ती आली की जुन्या पट्ट्या बनणं थांबणार होतं. मोठ्यांनीही हीच लावायची.

"पण हिच्यात जागा फार थोडी," रेहाना म्हणाली. "संतुलन उतरवावं लागेल. छाटणीयंत्रानं यादी दिलीय."

छाटणीयंत्र म्हणजे कोट्यवधी जेवणांच्या नोंदी चाळून, पॅकेजातली कुठली फाईल कितीदा कामाला आली हे बघणारी बुद्धी. जी क्वचित हाक ऐकते ती गळते. आर्जवीनं यादी वाचली. बहुतेक नावांवर वाद घालण्यासारखं नव्हतं. शेवटी 'अंतराय' होतं, आणि त्याच्याखाली त्याची चाचणीची फाईल.

"ही?"

"मोठ्या पट्टीवरच्या नोंदींत नगण्य, गं. मोठी माणसं जेवायला बसली की जेवून उठतात. तिच्या जागेत मुलांच्या झोपेतल्या साखरेचं कोष्टक बसतं. झोपेत साखर पडून पोरं जातात, आर्जवी. मी बघितलीत."

"पडली तर टिकली दुसरा कप्पा उघडेलच ना?"

"पडल्यावर उघडेल. तुझी फाईल पडायच्या आधी उघडायची, तेवढाच फरक. तरण्या माणसाला तो जाणवणारही नाही."

"अव्वा तरणी नाही."

रेहानानं यादी बाजूला सारली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "रमजानात माझी अम्मी डॉक्टरांचं ऐकत नाही, तेव्हा मीही रडते. मला काय कळत नाही होय? पण अव्वांचं ताट तूच बघतेस ना? त्यांना तर दिसत नाही." तिनं बोटावरची चकती टेबलावर ठेवली. "मग दिसलंच काही, तर सांगायलाच हवं का?"

आर्जवीनं तिच्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण हा विचार तिच्या मनात यादी वाचतानाच येऊन गेला होता.

आईसाठी अडून बसायचं, आणि कोणाच्या लेकरांचं कोष्टक बाहेर ठेवायचं? ते तिला शोभणारं नव्हतं. तिनं सूचीतून दोन्ही नावं काढली. पॅकेज पुन्हा बांधलं गेलं. उरलेल्या सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास, झाल्या. अंतरायाला प्रश्न विचारणारी फाईलच त्याच्याबरोबर गेली होती. लाल व्हायला मागे कुणी उरलंच नव्हतं.

तिनं सही केली.

*

जुन्या पट्ट्या बंद झाल्या. टिकली लावल्यावर चंदनाक्का हसल्या. "ही तर जाणवतही नाही. कपाळावरची गेली, पोटावर आली."

चातुर्मास लागला. रोज सूर्य बऱ्यापैकी वर आला की आर्जवी डोक्याला फडकं बांधून स्वयंपाक करी. मुगाचं वरण, दोडका, ज्वारीची भाकरी, गाळून तापवलेलं पाणी. मग अव्वाशेजारी बसे. अव्वा घास पुढे धरी. "बघ." आर्जवी बघे. "घे, अव्वा."

पहिल्यांदा घडलं तेव्हा तिला ठरवायलाही वेळ मिळाला नाही. भाजीत मुंगी होती. मनगटावरचा आकडा उतरायला लागला होता, म्हणजे इन्सुलिन केव्हाच गेलं होतं. तिच्या तोंडून शब्द गेले, "थांब, थोडं तूप वाढते," आणि चमच्याच्या कडेनं तिनं मुंगी उचलून घेतली.

अव्वा तूप घालून जेवली. तृप्तीनं हात धुतले.

त्या संध्याकाळी आर्जवी जपाला बसली आणि माळ हातातच राहिली. तिचंही व्रत होतं. मोठं नव्हे, सूर्यास्ताआधी जेवण, रोजची एक माळ, आणि जाणूनबुजून खोटं बोलायचं नाही. मी खोटं कुठं बोलले, तिनं मनाला विचारलं. तूप तर खरंच वाढलं.

त्यानंतर केस निघाला. मग पुन्हा एकदा. दर वेळी तूप, किंवा लिंबू, किंवा "ताट जरा सरकवते". हात सराईत होत गेले. अव्वाची प्रकृती सुधारत होती, गालांवर थोडं मांस चढलं होतं. डॉक्टर खूश होते. आर्जवीचं जेवण मात्र कमी झालं. अव्वाला ते दिसत नव्हतं.

मधूनच रेहानाचा फोन येई. मुलांना लावलेल्या टिकलीत अडचण येत होती. काही मुलांची साखर दुपारी अचानक पडत होती. एक मुलगी शाळेच्या जिन्यावरून पडली होती.

"घामानं खालचा गोंद सुटतो आणि संवेदक चुकतो, असं वाटतंय," रेहाना म्हणाली. "गोंद बदलून बघतोय. तुझ्या बाजूनं काही?"

"चाचण्या सगळ्या हिरव्या आहेत," आर्जवी म्हणाली. ते खरंच होतं.

*

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं आणि सरलं. क्षमावणीच्या सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, गर्दी होती. लहानथोर एकमेकांसमोर हात जोडून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागत होते. भांडलेले भाऊ, अबोला धरलेल्या जावा, सगळे. "उत्तम क्षमा," "उत्तम क्षमा." आर्जवीनं अव्वाला हाताला धरून घरी आणलं आणि पाटावर बसवलं.

"तूही बस समोर," अव्वा म्हणाली.

आर्जवी बसली. दरवर्षी ती आधी वाकायची. पण आज तिच्याआधी अव्वानं हात जोडले.

"मी तुझी क्षमा मागते, आर्जवी."

"अव्वा, तू कशाला?"

"ऐक तर. चातुर्मास लागल्यापासून एकदाही अंतराय आला नाही. आधी दर पंधरवड्याला यायचा. पहिले काही दिवस वाटलं, पुण्याई असेल. मग दिसलं... दिसत नाही म्हणा, पण जाणवलं, की तू 'घे' म्हणायच्या आधी कधीकधी श्वास धरतेस. आणि त्यानंतर तूप येतं. मी माझ्या लेकीवर संशय घेतला. तुझ्या हातचं रोज खाल्लं आणि मनात हिशेब मांडत राहिले. त्याची क्षमा कर मला."

बाहेर कुणीतरी मोठ्यानं हसलं. 'उत्तम क्षमा' एवढं म्हटलं असतं तर तो दिवस सरला असता.  अव्वा हात जोडून थांबली होती.

"संशय नाही तो," आर्जवी शेवटी म्हणाली. "खरं आहे."

तिनं सगळं सांगितलं. टिकली, छाटणी, सूचीतून काढलेलं नाव, मुंगी, केस. अव्वानं हात खाली घेतले. 

"मला ठाऊक नव्हतं, म्हणून व्रत मोडल्याचा दोष मला कमी लागेल," ती म्हणाली. "दोष तुझा. आणि तो तू माझ्या मायेपोटी केलास. रागावू तरी कशी तुझ्यावर? तेच जास्त जड जातंय बघ."

"तू मरशील गं, अव्वा."

"मरेन की कधीतरी. पण तोपर्यंत माझं जगणं माझंच असू दे. डोळे गेले, तेव्हा मी तुझे उसने घेतले. त्यांनी मला खोटं दाखवलं, तर मी खरी आंधळी."

आर्जवीनं तिच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं. अव्वानं ते हलवलं नाही, थोपटलंही नाही.

"उद्यापासून शेजारच्या सुलोचनाबाईंना बसायला सांगू का?" आर्जवीनं विचारलं.

"कशाला? तूच बस."

*

अव्वानं प्रायश्चित्ताचा उपवास केला. दुसऱ्या दिवशी ती जेवायला बसली तेव्हा आर्जवीनं ग्लुकॅगॉनची सुई फ्रीजमधून काढून पदराखाली ठेवली होती. वरणाचा वास दरवळला, मनगटावर टिकलीची खूण उमटली. इन्सुलिन गेलं.

"बघ."

"घे, अव्वा."

"बघ."

"घे."

पुढच्या घासावर बॅटरीचा झोत थांबला. लांब केस, अर्धा काळा, अर्धा पांढरा. तिचाच. फडक्यातून निसटलेला. जेवण जेमतेम सुरू झालं होतं आणि अव्वा आदल्या दिवशीची उपाशी होती. तुपाचं भांडं उजव्या हाताशीच होतं.

"थांब, अव्वा," आर्जवी म्हणाली. "केस आहे. माझाच आहे."

अव्वानं घास खाली ठेवला. चूळ भरली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, खूप दिवसांनी.

आकडा उतरू लागला. या वेळी तो अडखळला नाही. अव्वाच्या कपाळावर घाम आला, मंत्राचे शब्द मागेपुढे होऊ लागले. आर्जवीनं सुई टोचली. टिकलीनंही आपला कप्पा उघडला, पण उशिरा. अव्वाचं डोकं मांडीवर घेऊन आर्जवी मंत्र पुढे म्हणत राहिली, अव्वाचे ओठ थांबतील तिथून. आकडा तळाशी रेंगाळला. हात गार पडले. साखरेचा डबा समोरच्या फळीवर होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मंत्र धरला.

खूप वेळानं अव्वाची बोटं हलली.

"कितपत आलं?" तिनं विचारलं.

"येतंय. वर येतंय."

"मग रडतेस कशाला? भाजी झाक. मुंग्या लागतील."

अव्वा झोपल्यावर आर्जवीनं ती रेषा मोठ्या पडद्यावर घेतली. भूक, इन्सुलिन, मोजके घास, मग गिळणं बंद, मग तो कडा कोसळल्यासारखा उतार. बघता बघता ती ताठ बसली. तिनं रेहानानं पाठवलेल्या मुलांच्या रेषा शेजारी ठेवल्या. घसरण तशीच होती. त्या रेषांवरून गिळण्याची नोंद छाटलेली होती. ती वाचणारी फाईलच नव्हती ना. अव्वाच्या रेषेवरही ती नव्हती, पण तिचे घास आर्जवीनं स्वतः पाहिले होते.

तिनं रेहानाला फोन लावला.

"गोंद नाही, रेहाना. पोरं जेवण अर्ध्यात टाकून उठतात."

पलीकडे एक लांब श्वास. "घंटा झाली, मैत्रिणीनं हाक मारली, भाजी आवडली नाही... या अल्ला. माझी दोन्ही पोरं रोज डबा अर्धा आणतात. आणि मोठ्या माणसांच्या नोंदींवरून छाटणी केली आपण."

"मला आधीच दिसायला हवं होतं. अव्वाला अंतराय होऊ देत नव्हते मी. एकदा जरी होऊ दिला असता, तर ही रेषा चातुर्मासाच्या सुरुवातीलाच समोर आली असती."

"तो सल्ला माझा होता."

"हात माझे होते."

"फाईल परत घालायची तर जागा कुठली? झोपेचं कोष्टक मी काढू देणार नाही."

"नको काढूस. मी फाईलीत कारणं भरून ठेवली होती, केसाची वेगळी, मुंगीची वेगळी. घास थांबला, एवढं कळलं तरी पुरतं. बाकी सगळं काढते."

नवी फाईल बोटभर झाली. चाचणीच्या फाईलीत मात्र आर्जवीनं काहीच छाटलं नाही. त्यात अव्वाची ती रेषा सबंध घातली, घाम आणि गार हातांच्या वेळेसह. पुढे कधी कुणी अंतराय काढला, तर इथं लाल दिवा लागावा म्हणून. परवानगी तिनं अव्वाकडे मागितली होती. अव्वा म्हणाली होती, "माझं नाव नको घालूस. पोरांच्या कामी येऊ दे." मग तिनं सूची उघडली आणि दोन्ही नावं परत लिहिली.

*

कार्तिकातल्या एका उजळ सकाळी चंदनाक्का पाटावर बसल्या. टिकली बदललेली होती. वरण, भाकरी, कारळ्याची चटणी. आर्जवी शेजारी बसली. डोक्याचं फडकं तिनं दोनदा घट्ट केलं होतं.

अव्वानं घास धरला. "बघ."

आर्जवीनं बॅटरी टाकली. घास फिरवून घेतला, पुन्हा पाहिला. तिनं श्वास धरला नव्हता.

"काही नाही, अव्वा."

चंदनाक्का क्षणभर थांबल्या, कान दिल्यासारख्या. मग त्यांनी घास तोंडात घातला आणि सावकाश चावू लागल्या. त्यानंतरचा घास पुढे धरताना त्यांनी चेहरा लेकीकडे वळवलासुद्धा नाही.